वाट दाखविणारे : मेळघाटातील वनदर्शनाचा इतिहास

पूर्णेच्या काळ्या मातीचे सपाट खोरे उत्तरेकडे संपते आणि सातपुड्याची गाविलगड रांग एकदम समोर उभी राहते, तेथून तापीच्या पात्रापर्यंत पसरलेल्या डोंगराळ मुलखास मेळघाट म्हणतात. आजच्या प्रशासकीय विभागणीत अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा आणि धारणी हे दोन तालुके म्हणजे मेळघाट होय; परंतु अकोला जिल्ह्यातील अकोट व तेल्हारा या तालुक्यांना उत्तरेकडून लागून असलेला डोंगरपट्टा आणि त्यातील नरनाळा किल्ल्याचा परिसर हेही याच वनाचे अंग असल्यामुळे वऱ्हाडच्या वनेतिहासाचा विचार करताना त्यांना वेगळे काढता येत नाही. या वनात परक्या माणसाने एकट्याने न शिरता स्थानिक माणसाच्या मागे जावे, तो दाखवील ते पाहावे आणि त्याबद्दल मोबदला द्यावा, हा व्यवहार आज ‘जंगल सफारी’ या नावाने परिचित आहे, आणि तो व्याघ्रप्रकल्पाबरोबर, म्हणजे फार तर अर्ध्या शतकापूर्वी सुरू झाला असा सर्वसाधारण समज आहे. हा समज टिकण्यासारखा नाही. वाट दाखविणे हे मेळघाटातील एक जुने काम असून पाहुणा कोण, त्याला काय हवे आणि मोबदला कोण ठरविणार एवढेच काळानुसार बदलत गेले. वाट दाखविणारा मात्र बहुतेक वेळा कोरकूच राहिला.

कोरकू ही या डोंगरांतील संख्येने सर्वांत मोठी जमात आहे. तिची भाषा मराठी वा हिंदीच्या कुळातील नसून मुंडा शाखेची, म्हणजे छोटा नागपूरच्या संथाळी व मुंडारी या भाषांच्या नात्यातील आहे, आणि त्या शाखेचे हे सर्वांत पश्चिमेकडील टोक समजले जाते. कोरकूंबरोबर गवळी, गोंड, निहाल, बलई असे इतर समाजही येथे राहतात. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात कोरकूंची उत्पत्तिकथा दिली आहे. रावणाने निर्जन सातपुडा पाहून महादेवाकडे माणसे मागितली. महादेवाने तांबड्या मातीचे वारूळ शोधण्यासाठी कावळ्याला पाठविले आणि त्या मातीच्या दोन मूर्तींतून पहिले जोडपे निर्माण झाले, असे ती कथा सांगते. माणूस येण्याआधी रान धुंडाळून त्याची खबर आणणारा कोणीतरी हवा, ही कल्पना त्या कथेतच आहे, आणि पुढील इतिहास पाहता ती अगदी योग्य ठिकाणी आहे असे म्हणावे लागते.

या वनाच्या लिखित इतिहासाचा आरंभ झाडांपासून नव्हे तर किल्ल्यांपासून होतो. गाविलगडची बांधणी १४२५ मध्ये अहमदशहा वली बहमनी याने केली असे फरिश्ता सांगतो. नरनाळ्याची डागडुजीही त्याच सुमाराची असून तेथील प्रसिद्ध महाकाली दरवाजा १४८७ चा आहे. अकबराच्या काळी वऱ्हाडच्या सुभ्यात गाविल आणि नरनाळा ही दोन्ही सरकारे, म्हणजे महसुली विभाग, होती, आणि ‘ऐने अकबरी’त गाविलगडचे वर्णन करताना अबुल फजलने तेथील एका झऱ्याच्या पाण्यात पोलादी शस्त्रांना पाणी देत असल्याची नोंद केली आहे. महसूल, शिबंदी आणि शस्त्रे यांविषयी एवढ्या बारकाईने लिहिणाऱ्या या साधनांना भोवतालच्या जंगलाचे मात्र फारसे अप्रूप नव्हते. जंगल हे किल्ल्याचे बाहेरचे तटबंदीसारखे आवरण होते आणि ते जितके दुर्गम राहील तितके किल्लेदाराच्या सोयीचे होते. किल्ल्यास दाणागोटा, लाकूड व गवत पुरविणाऱ्या आणि घाटवाटा राखणाऱ्या डोंगरी लोकांचे ज्ञान हे त्या काळी लष्करी साधन होते, दाखविण्याची वस्तू नव्हते.

ते साधन उलटले की काय होते हे १८०३ मध्ये दिसले. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २९ नोव्हेंबर रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाल्यावर ऑर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन यांच्या फौजा गाविलगडाकडे वळल्या. किल्ल्याची दक्षिण बाजू कड्यांची असल्याने मुख्य हल्ला उत्तरेकडून करण्याचे ठरले आणि त्यासाठी स्टीव्हन्सनच्या तुकडीने डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जड तोफा डोंगरदऱ्यांतून, बहुतांश अंतर माणसांच्या हातांनी ओढत आणि रस्ता करत करत वर नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंग मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. या मोहिमेची वर्णने सेनापतींच्या नावांनी भरलेली आहेत. वाटाड्यांची नावे लढाईच्या प्रचलित इतिहासांत भेटत नाहीत. नकाशा नसलेल्या मुलखात, ऐन हिवाळ्यातल्या दाट सागवानातून, तोफा नेण्यासारखा चढ कोणता आणि ओढा कोठे ओलांडायचा हे परक्या फौजेला आपोआप उमगले असे मानणे मात्र कठीण आहे. वाटाड्याचे काम जेवढे नीट होते तेवढे ते नजरेआड जाते, हा या व्यवसायाचा पहिला नियम म्हणावा लागेल.

त्यानंतरच्या वीस वर्षांत पाहुण्याचा हेतू पालटला. हैदराबाद कंटिंजंटमधील कॅप्टन रॉबिन्सन याने १८२३ मध्ये चिखलदऱ्याचे पठार ‘शोधून’ काढले असे सांगण्याची प्रथा आहे. पठारावर गवळ्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या चरत होती आणि कीचकाचा वध भीमाने तेथेच केला अशी लोकश्रद्धा होती, हे लक्षात घेतले म्हणजे या शोधाचा अर्थ थंड हवेच्या जागेची छावणीला लागलेली खबर एवढाच उरतो. समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरहून अधिक उंचीवरील हे ठिकाण पुढे वऱ्हाडातील गोऱ्या अधिकाऱ्यांचे उन्हाळी विश्रांतिस्थान झाले, तेथे कॉफीची लागवड झाली आणि निव्वळ मौजेसाठी डोंगर चढणारा मनुष्य मेळघाटात प्रथमच दिसू लागला.

परंतु मेळघाटाचे भवितव्य ठरविले ते कॉफीने नव्हे, सागाने. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. १८६७ मध्ये भुसावळहून बडनेऱ्यावरून नागपूरला जाणारा लोहमार्ग खुला झाला. रुळांखालील स्लीपर, पुलांच्या तुळया आणि कापसाच्या बाजारपेठांतील इमारती यांना टिकाऊ लाकूड लागू लागले. त्याच दशकात बैरागड आणि गुगामल या भागांपासून सरकारी राखीव वनाची आखणी सुरू झाली, आणि वऱ्हाडच्या वनव्यवस्थेत इमारती लाकडाची, गवताची आणि चराईची अशी जी तीन वर्गांची विभागणी झाली तीत पहिल्या वर्गाचे मुख्य वन मेळघाटचेच होते. राखीव वन म्हणजे केवळ कुंपण नव्हे. डोंगरउतारावरील झाडी तोडून, जाळून त्या राखेत कोदो-कुटकी पेरण्याची फिरती शेती, जिला सातपुड्यात दह्या म्हणत, ती बंद करण्यात आली. जंगल ठरावीक वर्षांच्या पाळीने तोडावयाच्या तुकड्यांत, म्हणजे कूपांत, विभागले गेले. वणवा पसरू नये म्हणून झाडी साफ केलेले पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढल्या गेल्या. आणि ही सारी कामे करणारे हात जवळच राहावेत म्हणून वनग्रामे वसविली अगर टिकविली गेली. वनग्राम म्हणजे वनखात्याच्या परवानगीने आणि खात्याच्या कामाला बांधलेले असे गाव, जेथील रहिवाशाला जमीन कसता येई, पण तिचा हक्क त्याच्याकडे नसे. मेळघाटच्या वाट दाखविणाऱ्याची सामाजिक घडण या व्यवस्थेत झाली, म्हणून तिचा एवढा विस्तार करावा लागतो. साहेबाच्या तळाला पाणी, दूध, कोंबड्या आणि माणसे पुरविणे हा रसदीचा भाग होता, आणि रसद व बेगार यांमधील रेषा बारीक होती.

साहेबाचा मोठा छंद शिकार हा होता. मध्य प्रांत व वऱ्हाडात राखीव वने शिकारीच्या ब्लॉकांत वाटलेली असत, परवाना घेणाऱ्याला ठरावीक ब्लॉक ठरावीक मुदतीसाठी मिळे, आणि त्याच्या दिमतीला स्थानिक माग काढणारा असे. या माणसाला, त्याच्या हाती बंदूक नसतानाही, ‘शिकारी’ म्हणत. ओल्या वाळूतील ठशावरून वाघ आहे की वाघीण, ठसा रात्रीचा की पहाटेचा, हे सांगणे. रेडकू कोठे बांधावे आणि गारा, म्हणजे वाघाने मारलेले जनावर, सापडल्यावर मचाण कोणत्या झाडावर बांधावे हे ठरविणे. हाका घालताना, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीकडे रेटताना, हाकेकऱ्यांची रांग कोणत्या नाल्याने आत घ्यावी हे नेमणे, ही सारी त्याची कामे होती. या कौशल्याचा मोठा भाग डोळ्यांचा नसून कानांचा होता, आणि येथेच वानराचा प्रवेश होतो.

वऱ्हाडात दोन प्रकारची माकडे वावरतात आणि बोलण्यात त्यांची सरमिसळ होते. काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे, करड्या अंगाचे ते वानर. त्यातील टोळीच्या दांडग्या नराला हुप्प्या म्हणतात. तांबड्या तोंडाचे, आखूड शेपटीचे ते माकड. वानर हा मुळात पाने खाणारा प्राणी असून त्याच्या जठराचे कप्पे असतात, त्यांतील सूक्ष्म जीव जून, तंतुमय पानेही आंबवून पचनयोग्य करतात. मेळघाटचे जंगल शुष्क पानगळीचे असल्यामुळे ही गोष्ट फार महत्त्वाची ठरते. फाल्गुनापासून सागाचे उतार उघडे पडतात, धावडा आणि ऐन निष्पर्ण होतात, आणि हिरवेपणा नदीनाल्यांच्या काठी आकसून येतो. सिपना, खापरा, खंडू, डोलार, गडगा या मेळघाटातील मुख्य नद्या होत. उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह तुटतो आणि खडकांतील डोह तेवढे उरतात. त्या डोहांभोवती अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज यांची सावली टिकते, आणि वानरांच्या टोळ्या, सांबरे, गवे, भेकरे व त्यांच्या मागे वाघ-बिबटे याच पट्ट्यांत एकवटतात. वानराला शेंड्यावरून दूरवर दिसते आणि बिबट्या हा त्याचा नित्याचा वैरी आहे, त्यामुळे मांजरकुळातील मोठे जनावर दिसताच तो खोकल्यासारखा तुटक, खरखरीत आवाज काढतो. सफारीच्या आजच्या बोलीत याला ‘कॉल’ म्हणतात. तोच आवाज पुन्हा पुन्हा, एकाच दिशेकडे तोंड करून येतो आहे की केवळ टोळीतल्या भांडणाचा गोंगाट आहे, हा फरक जाणकाराला क्षणात कळतो आणि नवख्याला वर्षभरात कळत नाही.

शास्त्राने या प्राण्याकडे लक्ष वळविले ते बऱ्याच उशिरा. युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या आरंभी धारवाडजवळच्या जंगलात वानरांच्या टोळ्यांचा अभ्यास केला आणि बाहेरून आलेला नर टोळी जिंकल्यावर आधीच्या नराची पिले मारतो हे नोंदविले. सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावरील वानरांवर १९७७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाने तो विषय जगभर चर्चेत आणला. मराठी वाचकाला ही टोळीयुद्धे परिचित झाली ती व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मुळे, ज्या छोट्या कादंबरीला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वानर आणि चितळ यांच्या सोबतीचा अभ्यास पॉल न्यूटन यांनी कान्ह्यात केला व तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला: वानरे झाडावरून खाता खाता बरीच पाने-फळे खाली टाकतात, चितळे ती खातात, आणि धोक्याच्या वेळी एकमेकांच्या इशाऱ्यांचा दोघांनाही उपयोग होतो. मेळघाटात चितळ कान्ह्याइतका विपुल नाही, तरी झाडाखाली पडलेला ताजा पाला आणि त्यावर सांबराच्या खुरांच्या खुणा वाचण्याची रीत येथील माग काढणाऱ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. वऱ्हाडी शेतकऱ्याचे वानराविषयीचे मत मात्र या ग्रंथांतून कळणार नाही. वरूड, मोर्शी, अचलपूर, अकोट येथील संत्र्याच्या बागांतून टोळी एकदा फिरून गेली की हनुमानावरील श्रद्धा आणि हातातील गोफण यांचा झगडा सुरू होतो. ज्या प्राण्याला गावातून हाकलण्यात दिवस जातो तोच पाहण्यासाठी पैसे देऊन जंगलात जाणे वऱ्हाडी माणसाला काहीसे विनोदी वाटते, आणि ते वाटणे गैर नाही. जंगलातील वानर पाहायचे असते ते त्याच्यासाठी तितके नव्हे जितके तो काय पाहतो आहे त्यासाठी.

वाघाच्या शिकारीवर १९७० मध्ये देशभर बंदी आली, १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्पाची घोषणा झाली आणि त्यातील पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटचा समावेश होऊन फेब्रुवारी १९७४ मध्ये महाराष्ट्रातील पहिला व्याघ्रप्रकल्प येथे अस्तित्वात आला. पुढे १९८५ मध्ये मेळघाट अभयारण्य, १९८७ मध्ये ३६१.२८ चौरस किलोमीटरचे गुगामल राष्ट्रीय उद्यान आणि १९९७ मध्ये वान, नरनाळा व बुलढाणा जिल्ह्यातील अंबाबरवा ही अभयारण्ये घोषित झाली; नरनाळ्याचे क्षेत्र अवघे १२.३५ चौरस किलोमीटर असले तरी किल्ला आणि वन एकत्र पाहता येणारी ती वऱ्हाडातील विरळ जागा आहे. बंदूक गेली, पण तिच्यासाठी घडलेले कसब गेले नाही. वाघांची गणना त्या काळी पावलांच्या ठशांवरून, काचेवर रेखाटन आणि प्लास्टरचा साचा घेऊन होई, आणि ठसा शोधण्याचे काम वनरक्षकाबरोबर फिरणारा कोरकू वनमजूर करी. वैशाखात बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून पाण्यावर येणारे प्राणी मोजण्याची प्रथा याच काळात रुजली, आणि तिने अमरावती-अकोल्यातील शिक्षक, विद्यार्थी व छायाचित्रकार यांची एक पिढीच्या पिढी जंगलात आणली. प्रत्येक मचाणावर शहरातील स्वयंसेवकासोबत एक स्थानिक माणूस असे. शहरी माणूस वहीत लिही, दुसरा ऐके. सेमाडोह व कोलकासची विश्रामगृहे, सिपनेचा काठ आणि कोलकासची हत्तीवरील फेरी ही नावे वऱ्हाडी मध्यमवर्गाच्या सुट्ट्यांत शिरली ती याच सुमारास. मेळघाटासह विदर्भातील जंगलांत वनाधिकारी म्हणून वावरलेले मारुती चितमपल्ली यांनी आदिवासी सोबत्यांकडून ऐकलेली रानाची माहिती आणि शब्दसंपत्ती मराठीत आणली, आणि ती कोणाकडून मिळाली हे लपविले नाही, ही त्यांच्या लेखनाची फार मोठी बाजू आहे.

२००५ मध्ये सरिस्कातून वाघ नाहीसे झाल्याचे उघड झाल्यावर ठशांची गणना मागे पडली आणि स्वयंचलित कॅमेरे व संख्याशास्त्रीय अंदाज यांची पद्धत आली. बुद्ध पौर्णिमेची रात्र राहिली, पण तिचे नाव आता ‘निसर्गानुभव’ असे झाले, म्हणजे गणनेचे काम संपून दर्शनाचा कार्यक्रम उरला. शास्त्रीय दृष्टीने हा बदल योग्यच होता. त्याचा एक परिणाम मात्र कमी लक्षात घेतला गेला: ठसा वाचणाऱ्याची साक्ष आता पुरावा राहिली नाही, आणि त्याच्या कसबाचे ग्राहक केवळ पर्यटक उरले.

जगातील इतर वनांत हीच स्थिती वेगळ्या झाडांखाली दिसते. मेळघाटात खारफुटी नाही, असण्याचे कारणही नाही, कारण खारफुटी म्हणजे भरती-ओहोटीच्या खाऱ्या चिखलात वाढणारी झाडी, आणि येथून समुद्र शेकडो मैल दूर आहे. तरीही सिपनेचे पाणी तापीत जाते, दक्षिण उताराचे पाणी पूर्णेत उतरून चांगदेवजवळ तापीलाच मिळते, आणि सुरतेखाली खंभातच्या आखातात तापी पोहोचते तेथे तिचा गाळ तिवरांच्या मुळांशी बसतो. एकाच नदीच्या वरच्या टोकाला सागवान आणि खालच्या टोकाला कांदळवन आहे. सुंदरबनातील साम्य तर याहून नेमके आहे. तेथे वानराच्या जागी तांबड्या तोंडाचे माकड आहे, ते केवडा नावाच्या खारफुटीच्या झाडावर चढून पाने खाली टाकते, चितळे ती खातात, आणि दोघांच्या मागावर वाघ असतो. हा केवडा म्हणजे कोकणातील चिपीच्या कुळातील झाड. त्याच कुळातील पांढरी चिपी महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केली. सुंदरबनात पाहुण्याला खाडीत नेणारे लोक मध काढणाऱ्यांच्या, कोळ्यांच्या व लाकूडतोड्यांच्या वस्त्यांतून आलेले आहेत, जसे मेळघाटात ते कूपावरील मजुरांच्या घरांतून आले.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा व्यवसाय अगदी नवा आहे. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या तोडीस मनाई केली, २०१२ मध्ये वनखात्यात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला, आणि त्यानंतरच्या काळात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिलांनी होडीतून कांदळवन दाखविण्याचा उपक्रम उभा केला. झाडाची ओळख करून देणाऱ्या या स्त्रिया त्याच काठच्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतील असल्याने त्यांची माहिती पुस्तकी वाटत नाही. मेळघाट आणि वेंगुर्ले यांत मोठा फरक हा की वेंगुर्ल्यात वाट दाखविणाऱ्याचे गाव खाडीच्या काठावरच आहे, त्याला उठविण्याचा प्रश्न नाही.

मेळघाटात तो प्रश्न मध्यवर्ती आहे. २००७ मध्ये सुमारे पंधराशे चौरस किलोमीटरचे गाभा क्षेत्र, म्हणजे वाघासाठी मनुष्यवस्तीपासून मुक्त ठेवावयाचा भाग, अधिसूचित झाले. त्याआधीच शतकाच्या आरंभी बोरी, कोहा आणि कुंड ही गावे अकोट तालुक्याच्या सपाटीवर हलविण्यात आली होती, आणि नंतर वैराट, चुर्णी, पस्तलाई, अमोना, नागरतास, बारूखेडा, धारगड, सोमठाणा, गुल्लरघाट, केलपाणी अशी एकामागून एक गावे उठली. सोडलेल्या शिवारांत गवताची कुरणे झाली, तृणभक्षी प्राणी तेथे चरू लागले, आणि वन्यजीवांच्या दृष्टीने हे यश मान्य केले पाहिजे. माणसांचा हिशेब तितका सरळ नाही. पाणी, जमीन, रोजगार यांच्या तक्रारी घेऊन काही कुटुंबे जुन्या गावठाणांत परतली, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यातून वन कर्मचाऱ्यांशी हिंसक संघर्षही झाला. धारगडचे उदाहरण वेगळ्या कारणाने बोलके आहे: गाव उठले तरी तेथील महादेवाची श्रावणातील यात्रा उठली नाही, आणि अकोला जिल्ह्यातून हजारो भाविक तिसऱ्या सोमवारच्या सुमारास याच गाभा क्षेत्रातून देवदर्शनाला जातात. सफारीच्या फाटकावर जो ओळखपत्र दाखवून, गाडीतून न उतरण्याच्या अटीवर आत जातो, आणि श्रावणात जो हर हर महादेव म्हणत पायी चालतो, त्या दोघांसाठी जंगल एकच असले तरी त्यांना आत नेणारी परंपरा एक नाही.

पर्यटनावर नियमांची चौकट आली ती २०१२ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने त्या जुलैमध्ये गाभा क्षेत्रांतील पर्यटन तात्पुरते थांबविले आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचना आल्यावर बंदी उठविली. गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागात पर्यटन, वाहनसंख्येवर मर्यादा आणि स्थानिकांना रोजगार ही त्यांची सूत्रे होती. आज सेमाडोह, हरिसाल, चिखलदरा किंवा नरनाळ्याच्या पायथ्याचे शहानूर येथील प्रवेशद्वारावर जिप्सीत पुढे बसणारा नोंदणीकृत गाईड हा बहुधा जवळच्या गावचा तरुण असतो, आणि त्याला फेरीमागे ठरलेला मेहनताना मिळतो. बेगारीपासून मेहनतान्यापर्यंतचा हा प्रवास निश्चितच पुढे जाणारा आहे. त्यात एक उणीवही आहे. पर्यटकाला वाघाचे ‘सायटिंग’ हवे असते, गाडी ठरलेल्या रस्त्यावरून ठरलेल्या वेळात फिरते, आणि गाईडला चालण्याची मुभा नसते. ज्या कसबाचा पाया पायवाटेवर, ओढ्याच्या वाळूत आणि रात्रीच्या शांततेत घातला गेला ते कसब जिप्सीच्या आसनावर बसून पुढील पिढीला देता येत नाही. भूमका, म्हणजे कोरकूंचा पुजारी-वैद्य, झाडपाल्याचे जे ज्ञान शिष्याला रानात फिरवून देत असे, त्याचीही हीच अडचण आहे.

या अडचणीवर इतिहासाच्या बाजूने करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला वेळ फार उरलेला नाही. ठशांची गणना, मचाणावरील रात्री आणि कूपावरची मजुरी पाहिलेली माणसे आज उतारवयात असून त्यांतील अनेक जण अकोट तालुक्यातील पुनर्वसित वस्त्यांत राहतात. त्यांच्या मुलाखती कोरकूत घेऊन, मराठी भाषांतरासह जतन करण्याचे काम संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठातील इतिहास व मराठी विभागांनी वनखात्याच्या मदतीने तातडीने हाती घ्यावे, आणि प्रत्येक मुलाखतीवर सांगणाऱ्याचे नाव, त्याच्या संमतीने, पूर्ण लिहावे.